तोटा कोणाचा, हिशेब कोणाचा?

२०२५ साली राज्याच्या परिवहन खात्याने एसटी महामंडळाच्या आर्थिक स्थितीची श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे तीत नमूद आहे. आकडा मोठा आहे आणि तो झाकण्याचे काहीच कारण नाही. परंतु असा आकडा बाहेर पडला की त्याच्या पाठोपाठ एक ठरलेला निष्कर्षही बाहेर पडतो. सार्वजनिक संस्था म्हणजे पांढरे हत्ती, सरकारने धंदा करू नये, तोट्याच्या फेऱ्या बंद कराव्यात, मोक्याच्या जागा विकसकांना द्याव्यात आणि उरलेला कारभार कंत्राटदारांच्या हवाली करावा, असे सांगणारी मंडळी जणू या आकड्याची वाटच पाहत असतात. हा निष्कर्ष अर्थशास्त्राचा म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो केवळ जमाखर्चाचा आहे. आणि तो जमाखर्चही अर्धाच लिहिलेला आहे.

अर्थशास्त्राची एक जुनी मराठी परंपरा या बाबतीत आठवण्यासारखी आहे. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती विधिमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, तेव्हा सरकारी तिजोरीत शिल्लक पडत होती आणि राज्यकर्ते ती शिल्लक भरभराटीची खूण म्हणून मिरवीत होते. गोखल्यांनी दाखवून दिले की तिजोरीची शिल्लक आणि रयतेची सुस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुष्काळाने गांजलेल्या प्रजेकडून अधिक कर उकळूनही शिल्लक दाखवता येते. या विचाराची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तिजोरीची शिल्लक ही जशी समाजाची समृद्धी नव्हे, तसा महामंडळाचा तोटा हा समाजाचा तोटा असेलच असे नाही. तो कधी असतो, कधी नसतो. कधी असतो आणि कधी नसतो हे ठरवायचे कसे, हाच खरा संशोधनाचा विषय आहे. आणि नेमका तोच टाळला जातो.

कायद्यातील दोन कलमे

१ जून १९४८ रोजी मुंबई सरकारची पहिली एसटी गाडी पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. अवघ्या ३६ बेडफर्ड गाड्यांनिशी हा संसार सुरू झाला. त्यापूर्वी रस्त्यावर खाजगी मोटारवाल्यांचे राज्य होते. जेथे उतारू अधिक तेथे चढाओढ, जेथे उतारू कमी तेथे शुकशुकाट, आणि गाडी भरेपर्यंत सुटण्याची वेळ अनिश्चित, असा तो कारभार होता. १९३५ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळ आणि ल. वि. गोगटे हे तिचे कर्ते. स्वातंत्र्यापूर्वीच्या त्या काळात एका मराठी अर्थशास्त्रज्ञाला बसवाहतूक हा अभ्यासाचा विषय वाटला, आणि तोही जिल्ह्याजिल्ह्यांतून पाहणी करण्याचा विषय वाटला, ही गोष्ट आजच्या व्यवस्थापनपंडितांनी ध्यानात ठेवावी.

पुढे १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. या कायद्याचे अठरावे कलम सांगते की, कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र वाहतूकसेवा पुरवणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. बाविसावे कलम सांगते की, महामंडळाने आपला व्यवहार धंद्याच्या तत्त्वांवर चालवावा. एकाच कायद्यात ही दोन कलमे शेजारी नांदत आहेत. 'पुरेशी' हा शब्द गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्याकडे बोट दाखवतो. 'धंद्याची तत्त्वे' हे शब्द पुणे–मुंबई रस्त्याकडे. कायदा करणाऱ्यांनी हा विरोध अजाणता ठेवला असे मानण्याचे कारण नाही. भरल्या मार्गाच्या उत्पन्नातून रिकाम्या मार्गाचे पोषण व्हावे आणि त्यासाठी सर्व मार्ग एका सार्वजनिक संस्थेच्या हाती असावेत, अशी ती योजना होती. टप्पे वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाचे मर्म हेच होते. 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' हे महामंडळाचे ब्रीद काही शोभेसाठी रंगवलेले नव्हते. त्यामागे हे अर्थकारण होते.

ही योजना मोडली कोणी? सरकारने एका हाताने महामंडळावर सामाजिक जबाबदाऱ्या टाकल्या आणि दुसऱ्या हाताने त्याच महामंडळाच्या भाड्यातून साडेसतरा टक्क्यांचा प्रवासी कर वसूल केला. डिझेलवरचा कर वेगळा आणि पथकर वेगळा. त्याच काळात किफायतशीर मार्गांवर खाजगी आरामगाड्या मोकाट सुटल्या. तालुक्याच्या रस्त्यांवर वडाप आणि काळी-पिवळी यांनी स्थानकाच्या फाटकातूनच उतारू उचलावेत आणि अधिकाऱ्यांनी त्याकडे काणाडोळा करावा, हे नित्याचे झाले. म्हणजे मलई दुसऱ्यांनी खावी आणि ताकाचा हिशेब एसटीने द्यावा! अशा स्थितीत जो तोटा साचतो, त्याला व्यवस्थापनाचे अपयश हे एकच नाव देणे हा बौद्धिक अप्रामाणिकपणा आहे.

एका सिद्धान्ताची सोय आणि गैरसोय

पाश्चात्त्य विद्यापीठांत या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत बरेच मंथन झाले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मार्क मूर यांचे 'क्रिएटिंग पब्लिक व्हॅल्यू' हे पुस्तक १९९५ साली निघाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: खाजगी व्यवस्थापक जसा भागधारकांसाठी मूल्य निर्माण करतो, तसा सार्वजनिक व्यवस्थापक समाजासाठी 'सार्वजनिक मूल्य' निर्माण करतो. त्याने तीन गोष्टींचा मेळ घातला पाहिजे. जे करायचे ते समाजाला खरोखर मोलाचे हवे. त्याला लोकप्रतिनिधींची व जनतेची मान्यता हवी. आणि ते पार पाडण्याची क्षमता संस्थेत हवी. पुस्तकाचा आरंभ एका गावच्या ग्रंथपालाच्या पेचाने होतो. आईबाप कामावर असलेली मुले शाळा सुटल्यावर ग्रंथालयात येऊन बसू लागतात. हे ग्रंथालयाचे काम नव्हे म्हणून त्यांना बाहेर काढावे, की ही गावाची नवी गरज आहे असे ओळखून ग्रंथालयानेच बदलावे?

प्रश्न उत्तम आहे. निव्वळ नफ्यातोट्याच्या पलीकडे काही मोजण्यासारखे असते, एवढे तरी या सिद्धान्ताने व्यवस्थापनशास्त्राच्या गळी उतरवले, हे त्याचे ऋण मान्य करावेच लागेल. परंतु त्याच्या उत्तरात एक गोम आहे. मूल्य कशात आहे हे ओळखण्याचा पुढाकार तो व्यवस्थापकाच्या हाती देतो. ऱ्होड्स आणि वाना या दोन अभ्यासकांनी २००७ साली नेमका हाच आक्षेप घेतला. असे व्यवस्थापक प्लेटोच्या आदर्श राज्यातले पालक होऊन बसतात आणि लोकांना उत्तरदायी असलेले शासन बाजूला पडते, असे त्यांचे म्हणणे होते. या आक्षेपाचे उत्तर अजून समाधानकारक मिळालेले नाही.

महाराष्ट्रात तर या सिद्धान्ताची दुहेरी अडचण आहे. येथील आगारप्रमुखाच्या हाती अधिकार किती? गाड्या किती मिळतील हे मुख्यालय ठरवणार, भाडे वाढवायचे की नाही हे सरकार ठरवणार, भरतीवर बंदी कोणी दुसराच घालणार आणि जाब मात्र त्याने द्यायचा. त्याच्यापुढे दोनच आकडे नाचवले जातात: भारमान आणि दर किलोमीटरमागचे उत्पन्न. जो अधिकारी शाळेची घंटा आणि फेरीची वेळ यांचा मेळ घालण्यासाठी खटपट करतो, त्या खटपटीला प्रगतिपुस्तकात रकाना नाही. जो अधिकारी चार आडवळणी फेऱ्या रद्द करून त्या गाड्या लांब पल्ल्यावर पळवतो, त्याचे उत्पन्नाचे आकडे लगेच सुधारतात. दोघांपैकी सार्वजनिक मूल्य कोणी निर्माण केले आणि कोणी नष्ट केले? प्रचलित मोजमाप या प्रश्नाचे उत्तर नेमके उलटे देते. मोजमापच असे असेल तर माणसे तशीच वागू लागतात. मग व्यवस्थापकांच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

मुक्कामाच्या गाडीचा ताळेबंद

एक उदाहरण कल्पून पाहावे. तालुक्याच्या ठिकाणाहून तीस किलोमीटरवरच्या एका गावी रात्री मुक्कामाला गाडी जाते आणि पहाटे परत निघते. चालक आणि वाहक गाडीतच किंवा देवळाच्या ओसरीवर पथारी टाकतात. समजा, परतीच्या फेरीत चव्वेचाळीस आसनांपैकी अठरा भरतात. भारमान चाळीस टक्क्यांच्या आसपास. अठरांपैकी दहा शाळकरी मुली, अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर. दोन म्हातारी माणसे तालुक्याच्या रुग्णालयात निघालेली. तीन बाया भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराला. उरलेले तिघे कोर्टकचेरीच्या आणि मजुरीच्या कामाला. तिकिटांची रक्कम डिझेलपुरतीही नाही. तक्त्यात ही फेरी लाल शाईत जाणार आणि कधीतरी 'अल्प प्रतिसादामुळे' बंद होणार.

आता ती बंद झाली असे धरू. खर्च वाचला का? महामंडळाच्या वहीतून तो नाहीसा झाला, एवढे खरे. परंतु म्हाताऱ्यांना रुग्णालयात जायचेच आहे. ते आता खाजगी जीपला दाम मोजतील, किंवा दुखणे अंगावर काढतील. भाजीवाल्या बाया माल गावातच व्यापाऱ्याला पडत्या भावाने देतील. आणि मुलींचे काय? घरात जीपच्या भाड्यापुरते पैसे एकाचेच असतील तर ते मुलाच्या वाट्याला जातील, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. दहांपैकी पाच मुलींची शाळा सुटेल, त्यांपैकी दोघींची लग्ने वय होण्याआधीच उरकली जातील. महामंडळाने वाचवलेले काही हजार रुपये या मुलींच्या आयुष्यातून वसूल झाले. हा खर्च कोणत्या वहीत लिहिला जातो? कोणत्याच नाही. जो खर्च गरिबाच्या माथ्यावर पडतो तो हिशेबात धरायचा नाही, आणि जो सरकारी तिजोरीवर पडतो तेवढाच खर्च मानायचा, अशी ही विद्या आहे. ही विद्या तटस्थ नाही; ती वर्गीय आहे.

सरकारला हे अगदीच कळत नाही असेही नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांत मुलींच्या शाळेसाठी निळ्या गाड्या सोडाव्या लागल्या, ही या सत्याची सरकारी कबुलीच होय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरीच्या पुढील नागरिकांना मोफत प्रवास आणि २०२३ च्या मार्चमध्ये सर्व स्त्रियांना निम्मे भाडे, हे निर्णय झाले. त्यांमागे मतांचे गणित नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु परिणाम पाहण्यासारखा आहे. स्थानके पुन्हा गजबजली. माहेरी, दवाखान्यात, बाजाराला, कामाला जाणाऱ्या बायकांनी गाड्या भरल्या. ही गर्दी आकाशातून पडली नाही. भाड्याअभावी घरातच अडकून पडलेला प्रवास त्या दिवशी रस्त्यावर आला. मागणी नव्हती असे नाही. मागणीच्या पदरात पैसे नव्हते. बाजार फक्त पैसेवाल्या मागणीलाच मागणी म्हणतो, एवढाच त्याचा आणि लोकांच्या गरजेचा फरक.

याच संदर्भात दुसरीही एक गोष्ट घडली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये महामंडळाने कित्येक वर्षांनंतर एका महिन्यापुरता का होईना, नफा जाहीर केला. रस्ते तेच, कर्मचारी तेच आणि बहुतांश गाड्याही जुन्याच होत्या. प्रवासी वाढले आणि सवलतीची भरपाई सरकारकडून मिळू लागली, हा मुख्य बदल होता. समाजाने ज्या सेवेची मागणी केली तिचे दाम समाजाच्या तिजोरीने मोजले, की 'तोट्याचा' पांढरा हत्ती एकाएकी कामाचा बैल ठरतो. हीच भरपाई रखडली की तोच बैल पुन्हा हत्ती होतो. तेव्हा तोटा ही महामंडळाच्या अंगची प्रकृती नसून न फेडलेल्या देण्याचे ते दुसरे नाव आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

पाच महिन्यांचा निर्दय प्रयोग

एखाद्या सेवेचे मोल ती बंद पडल्यावर कळते. महाराष्ट्रावर असा प्रयोग होऊन गेला आहे. २०२० च्या टाळेबंदीत याच लाल गाड्यांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवले. त्याच वर्षी ते काम करणाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले. हा राग आतल्या आत धुमसत होता. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप सुरू झाला आणि तो उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ च्या एप्रिलमध्ये संपला. पाच महिन्यांहून अधिक काळ ग्रामीण महाराष्ट्राची गाडी जवळपास बंद होती.

काळवेळ पाहावी. महामारीच्या दीर्घ खंडानंतर ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. महिना होतो न होतो तोच शाळेची वाट बंद झाली. दीड वर्ष शाळेला मुकलेल्या मुलांमुलींना दुसरा तडाखा बसला. संपाच्या काळात महामंडळाचे किती कोटींचे उत्पन्न बुडाले याचे आकडे रोज छापून येत होते. किती मुली परत शाळेत आल्या नाहीत, याचा रकाना महामंडळाच्या कोणत्याही तक्त्यात नव्हता. सरकारला, महामंडळाला आणि संपाच्या नेत्यांनाही हे आकडे हवे होते असे दिसले नाही. कर्मचाऱ्यांची वेतनाची मागणी न्याय्य होती. परंतु त्या सेवेचे मोल प्रवाशांच्या तोंडून जनतेपुढे मांडले असते तर ती मागणी एकाकी पडली नसती. प्रवासी आणि वाहक एकाच गाडीत बसतात. चळवळीत मात्र ते दोन दिशांना बसले.

बाजाराचे उत्तर

यावर एक चतुर आक्षेप घेतला जातो. गरजूंना मदत करायची तर रोख पैसे त्यांच्या हाती द्या, ते हवी ती गाडी निवडतील. त्यासाठी महामंडळ कशाला पोसायचे? आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु प्रवासी तिकीट विकत घेतो तेव्हा त्याला केवळ आसन मिळत नाही. साडेसहाची गाडी साडेसहाला येईल, उतारू दोनच असले तरी येईल, आणि उद्याही येईल, ही हमी मिळते. त्या हमीवर मुलगी महाविद्यालयात नाव घालते, मजूर दूरचे काम धरतो. रोख पैशाने जीपमधली जागा मिळेल. गाडी भरल्याशिवाय न हलणाऱ्या चालकाकडून हमी मिळणार नाही. हमी ही संपूर्ण जाळ्याची असते, सुट्या फेरीची नसते.

हा प्रयोगही जगात होऊन चुकला आहे. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या सरकारने १९८५ साली कायदा केला आणि १९८६ च्या ऑक्टोबरपासून लंडनबाहेरची बसवाहतूक खुल्या स्पर्धेच्या स्वाधीन केली. स्पर्धेने भाडी उतरतील, सेवा सुधारेल, प्रवासी वाढतील, अशी ग्वाही देण्यात आली होती. लंडनबाहेरील मोठ्या शहरांत प्रवासी घटत गेले. लंडनमध्ये गाड्या चालवण्याचे काम खाजगी कंपन्यांकडे गेले, तरी मार्ग, वेळापत्रक आणि भाडे यांची सूत्रे सार्वजनिक संस्थेच्या हाती राहिली. तेथे पुढे प्रवासी वाढले. अखेर ग्रेटर मँचेस्टरने २०२३ च्या सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने आपली बसव्यवस्था सार्वजनिक नियंत्रणाखाली परत आणली आणि २०२५ च्या जानेवारीत हे काम पूर्ण केले. जवळजवळ चाळीस वर्षे आणि एका पिढीचा प्रवास, एवढी या शहाणपणाची किंमत पडली.

या उदाहरणातून समाजवाद्यांनाही एक अप्रिय धडा घ्यावा लागतो. गाडीची मालकी कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पहिला नव्हे. ती कोठे जाईल, किती वाजता जाईल आणि कोणासाठी जाईल, हे कोण ठरवतो, हा पहिला प्रश्न. तथापि येथील कंत्राटप्रेमींनी यावरून हुरळून जाऊ नये. कंत्राटदाराने गाड्या वेळेवर दिल्याच नाहीत तर वेळापत्रक कागदावरच राहते. २०२३ साली महामंडळाने भाडेतत्त्वावर ५,१५० विजेच्या गाड्या घेण्याचे ठरवले आणि पुरवठा मुदतीपेक्षा कितीतरी मागे पडला, हे सर्वांसमोर आहे. नियंत्रण सार्वजनिक राखायचे तर संस्थेकडे स्वतःच्या गाड्या, कार्यशाळा आणि जाणते मनुष्यबळ यांचा भक्कम गाभा लागतोच. तो गाभा एकदा विकून खाल्ला की करारपत्रावर सही करण्यापलीकडे संस्थेच्या हाती काही उरत नाही.

समाजवाद्यांची उधारी

दोष केवळ प्रतिपक्षाचा नाही. सार्वजनिक क्षेत्राच्या पाठीराख्यांनी एक आळशी समीकरण फार वर्षे जपले: मालकी सार्वजनिक, म्हणून मूल्यही सार्वजनिक. राष्ट्रीयीकरण झाले की समाजीकरण आपोआप होते, असे गृहीत धरले गेले. तसे होत नाही. तुंबलेली शौचालये, खिळखिळ्या गाड्या, ठरलेल्या उपाहारगृहापाशी ठरलेल्या दराने होणारी प्रवाशांची लूट, आणि अध्यक्षपद म्हणजे नाराज पुढाऱ्याची सोय, या गोष्टी सार्वजनिक मूल्याच्या नावाखाली पदरात घेता येणार नाहीत. तोट्यातला जो भाग सामाजिक जबाबदारीचा आहे तो समाजाने फेडावा. जो नालायकीचा आणि चोरीचा आहे तो फेडण्याचे कर्तव्य गरीब करदात्यावर नाही. या दोन भागांची फोड झालीच पाहिजे. ती होत नाही तोवर खाजगीकरणवाले सगळा तोटा नालायकीच्या खात्यावर मांडतात आणि संस्थेतले बांडगूळ सगळा तोटा समाजसेवेच्या खात्यावर. दोघांनाही धूसर हिशेब सोयीचा असतो. स्वच्छ हिशेब फक्त प्रवाशाच्या सोयीचा आहे.

म्हणून सार्वजनिक मूल्याचे संशोधन ही विद्यापीठातल्या प्रबंधाची चैन राहू शकत नाही. मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन आणि त्यांनीच पुरवलेले तक्ते पुन्हा मांडून ते होणारही नाही. व्यवस्थापकाला काय मोलाचे वाटते, हा त्यातला एक प्रश्न आहे. वाहकाला काय दिसते, हा दुसरा. कोणत्या थांब्यावर कोण चढत असे आणि आता चढत नाही, याची जितकी माहिती त्या मार्गावर दहा वर्षे काढलेल्या वाहकाला असते तितकी कोणत्याही सल्लागार कंपनीला नसते. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गाडीत नसलेल्यांचा आहे. तिकीट यंत्रात फक्त चढलेल्यांची नोंद होते. जी चढलीच नाही, जिची फेरी बंद झाली, जिने जाणेच सोडून दिले, तिची नोंद घेण्यासाठी तिच्या उंबऱ्यापर्यंत चालत जावे लागते.

तालुक्यातालुक्यातले काम

हे काम कोणी करायचे? शासन करील तेव्हा करो. पक्षाच्या तालुका शाखांना ते आज करता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी ना निधी लागतो, ना कोणाची परवानगी. प्रत्येक शाखेने आपल्या आगारातील गेल्या पाच वर्षांत बंद झालेल्या फेऱ्यांची यादी करावी. त्यांपैकी एक फेरी निवडावी. तिच्या मार्गावरील प्रत्येक गावात जाऊन चार प्रश्न विचारावेत: या गाडीने कोण, कोठे आणि कशासाठी जात असे? आता ते कसे जातात? त्याला किती पैसे आणि किती वेळ अधिक लागतो? आणि जाणे कोणाचे कायमचे थांबले? शाळेच्या हजेरीपटाशी आणि दवाखान्याच्या नोंदींशी ही उत्तरे ताडून पाहावीत. एकच आठवडा पाहून भागणार नाही. परीक्षांचा काळ, ऊसतोडीचा हंगाम आणि पावसाळा, तिन्ही पाहावेत. वाढवून काहीही लिहू नये. एखादी फेरी खरोखरच कोणाच्या उपयोगाची नव्हती असे आढळले तर तेही लिहावे. फुगवलेला एक आकडा खऱ्या दहा आकड्यांचा घात करतो.

असा हिशेब तयार झाला की तीन मागण्या आपोआप उभ्या राहतात. पहिली, महामंडळाच्या वार्षिक अहवालात नफातोट्याच्या पत्रकाशेजारी सामाजिक सेवेचे पत्रक छापले जावे; कोणती फेरी कोणाच्या आदेशाने, कोणासाठी चालते आणि तिचे दाम कोणी मोजले, हे त्यात असावे. दुसरी, सवलतींची आणि सामाजिक फेऱ्यांची भरपाई सरकारने अनुग्रह म्हणून न देता अर्थसंकल्पातील बांधील देणे म्हणून द्यावी. एका हाताने सवलत आणि दुसऱ्या हाताने प्रवासी कर हा खेळ बंद व्हावा. तिसरी, कोणतीही ग्रामीण फेरी बंद करण्यापूर्वी त्या मार्गावरील ग्रामसभांपुढे तिचा हिशेब मांडण्याचे बंधन आगारावर असावे. व्यवस्थापकाचा अधिकार याने कमी होत नाही. उलट, आज जो आगारप्रमुख शाळेच्या वेळेसाठी एकटा झगडतो, त्याच्या पाठीशी प्रथमच कोणीतरी उभे राहील. मूर यांच्या भाषेत याला मान्यता म्हणतात. मराठीत याला लोकशाही म्हणतात.

श्वेतपत्रिकेला उत्तर निषेधाच्या पत्रकाने देता येत नाही. तेथे दहा हजार कोटींचा आकडा आहे. येथेही आकडेच हवेत. ते मंत्रालयात नाहीत. जून महिन्यात शाळा उघडतात. त्या पहिल्या सोमवारी, पहाटे, बंद झालेल्या फेरीच्या थांब्यावर वही घेऊन एक कार्यकर्ता उभा राहिला, तर हिशेबाचे पहिले पान तेथेच लिहून होईल.